बिनपाद्र्याचे लग्न आणि त्यातली मुले

स्कॉटलंडच्या पार्श्वभूमीवरच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास येतो. पावसापाण्यात खाणावळीत अडकलेले दोघे अनोळखी लोकांपुढे स्वतःला नवराबायको म्हणवतात आणि सकाळी कळते की कायद्याने ते खरोखरच नवराबायको झाले आहेत. पुढे नायकाच्या गढीवर त्याच्या पहिल्या बायकोची मुले या नव्या आईकडे संशयाने बघत उभी असतात. कथानक थोडे ताणलेले आहे, कारण नुसत्या बतावणीने स्कॉटलंडमध्येही लग्न लागत नसे, मनापासूनची संमती लागे. तरी त्यामागचा कायदा खरा आहे, आणि कादंबऱ्या त्याची एकच बाजू दाखवतात. तो प्रेमिकांच्या सोयीचा होता, असे त्या वाचून वाटते. पुरावा पाहिला तर दिसते की त्याचा मोठा आधार मुलांना होता. मूल कोणाचे आणि त्याला पोसायचे कोणी, हे त्याने ठरत असे. सावत्र मुलाच्या दाराशी मात्र हाच कायदा थबकला.

मुळात हा नियम स्कॉटलंडने शोधून काढलेला नाही. दोघांची संमती म्हणजेच लग्न, हे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चचे जुने तत्त्व. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे केले. पण स्कॉटलंडने 1560 मध्येच रोमशी नाते तोडले होते, त्यामुळे ती सक्ती तिथे पोचलीच नाही. इंग्लंडमध्ये 1753 च्या हार्डविक कायद्याने चर्चमधला विधी बंधनकारक झाला, पण तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे तीन वाटा उघड्या राहिल्या: आत्ता, या क्षणी आम्ही लग्न करतो असे एकमेकांना सांगणे, लग्नाचे वचन देऊन त्यावर विसंबून शरीरसंबंध येणे, आणि वर्षानुवर्षे चारचौघांत नवराबायको म्हणून नांदणे. मुलगी 12 वर्षांची आणि मुलगा 14 वर्षांचा असला की पुरे, आईबापांची परवानगी लागत नसे. सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला पळून येणाऱ्या जोडप्यांमुळे या कायद्याची कीर्ती झाली, पण ती जोडपी बहुतेक इंग्लिश. 1856 मध्ये दोघांपैकी एकाने तरी स्कॉटलंडमध्ये 21 दिवस राहिलेले असावे अशी अट आली आणि तो ओघ आटला. खुद्द स्कॉटिश माणसे हा मार्ग का धरत होती, हे ग्रेटनाला अशी लग्ने लावणाऱ्या लोहाराच्या ऐरणीवरून कळत नाही. त्यासाठी गावच्या चर्चची दप्तरे उघडावी लागतात.

प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पाद्री आणि ज्येष्ठ गावकरी यांची पंचायत असे, तिला कर्क सेशन म्हणत. अविवाहित बाई गरोदर असल्याचे कळले की सेशन तिला बोलावून बापाचे नाव विचारी. या चौकशीत क्रूरपणा होता, बाईची गावासमोर मानहानी होई, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गावातल्या गरिबांना पोसण्याचा निधीही याच सेशनच्या हाती होता, आणि बाप सापडला नाही तर मूल त्या निधीवर पडे. म्हणून ‘आम्ही आधीच लग्न केले आहे’ असे जोडप्याने कबूल केले की सेशन त्यांना दटावी, दंड करी, आणि लग्न मान्य करून नोंद करी. शहरांत तर काही जोडपी आपण होऊन दंडाधिकाऱ्यापुढे जात, बेकायदा पद्धतीने लग्न केल्याचे सांगून दंड भरत आणि त्या निकालाची नक्कल लग्नाचा दाखला म्हणून जपून ठेवत. याला जोडून आणखी एक नियम होता, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईबापांनी नंतर लग्न केले की त्यांना आधी झालेले मूल औरस ठरे. इंग्लंडने ही सवलत थेट 1926 मध्ये दिली.

हे सगळे एकाच घरात कसे घडले ते पाहायचे तर कवी रॉबर्ट बर्न्सचे उदाहरण घ्यावे. 1786 मध्ये मॉकलिन गावच्या जीन आर्मरला दिवस गेले आणि बर्न्सने तिला लग्नाची कबुली देणारा कागद लिहून दिला. तिचे वडील जेम्स आर्मर गवंडीकामातले प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांना हा कफल्लक जावई नको होता. त्यांनी तो कागद वकिलाकडून खराब करवला. दोघांची नावे कापून काढली गेली. जीनची रवानगी पेझलीला नातेवाइकांकडे झाली, आणि बर्न्सने चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्त घेऊन पाद्री विल्यम ऑल्डकडून अविवाहित असल्याचा दाखला मिळवला. कागद कापल्याने लग्न मोडत नाही, फक्त पुरावा जातो, हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. सप्टेंबरमध्ये जीनला जुळे झाले. दोन वर्षांनी, 5 ऑगस्ट 1788 रोजी, हीच दोघे मॉकलिनच्या सेशनपुढे उभी राहिली, आपले अनियमित लग्न त्यांनी कबूल केले आणि ते पक्के करून मागितले. सेशनने कानउघाडणी केली, जन्मभर एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याचे वचन घेतले आणि दंडाची रक्कम बर्न्सच्या उदारपणावर सोडली. त्याने गरिबांसाठी एक गिनी दिली. त्या नोंदीने जीन पत्नी ठरली आणि तिची मुले औरस.

पण बर्न्सची मुले एवढीच नव्हती. 1785 मध्ये एलिझाबेथ पेटनपासून त्याला मुलगी झाली होती. तिला बर्न्सच्या आईने वाढवले. बर्न्सने पेटनशी लग्न केले असते तर ती औरस झाली असती, ते झाले नाही आणि ती वाट बंद झाली. 1791 च्या 31 मार्चला डम्फ्रीजच्या ग्लोब खाणावळीत काम करणाऱ्या अ‍ॅन पार्कला मुलगी झाली, तीही बर्न्सची. या मुलीला ती वाट कधी उघडीच नव्हती, कारण तिच्या वेळी बाप आधीच विवाहित होता. अवघ्या नऊ दिवसांनी जीन बाळंत झाली. तिने अ‍ॅन पार्कच्या बेट्टीलाही घरात घेतले, आपल्या मुलांबरोबर वाढवले आणि 1796 मध्ये बर्न्स वारल्यावरही तिला सांभाळले. बाप एकच, पण एका मुलाला घराण्याचे नाव, दुसरीला फक्त आजीचे घर, तिसरीला सावत्र आईची कूस. पहिले कायद्याने दिले, पुढची दोन त्या दोघी बायकांनी. जीनच्या मनाचा मोठेपणा चरित्रकार आवर्जून सांगतात, पण तिने हे ज्या पोकळीत केले ती पोकळी कायद्याची होती, याकडे फारसे लक्ष जात नाही.

इतक्या ढिल्या कायद्याने लबाड पुरुषांचे फावले, हा आक्षेप जुना आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. थेरेसा लाँगवर्थ आणि मेजर येल्व्हर्टन यांचा खटला त्याला बळ देतो. 1857 मध्ये एडिंबरात दोघांनी खासगीत विवाहविधी वाचला असे ती म्हणत होती. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्याच बाईशी लग्न लावले. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 1864 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्याविरुद्ध निकाल दिला. दुसऱ्या बाजूला जोहाना गॉर्डन आहे. तिने आणि डॅलरिंपल या तरुण लष्करी अधिकाऱ्याने 1804 मध्ये गुपचूप एकमेकांना लेखी कबुली दिली होती. चार वर्षांनी त्याने इंग्लंडमध्ये रीतसर चर्चमध्ये दुसरे लग्न केले. जोहानाने तिच्याजवळचे कागद जपून ठेवले होते. 1811 मध्ये लंडनच्या न्यायालयात सर विल्यम स्कॉट यांनी स्कॉटिश कायदा तपासून तिचेच लग्न खरे ठरवले. चर्चमध्ये थाटामाटाने लागलेले लग्न त्या कागदांपुढे टिकले नाही. दोन्ही खटले एकत्र वाचले की बाईचे नुकसान पुराव्याअभावी झालेले दिसते, आणि तसे नुकसान विधीची सक्ती असलेल्या देशांतही होतेच. तिथे फसवल्या गेलेल्या बाईला कोर्टाची पायरी चढायला आधारही उरत नाही. त्यामुळे हा आक्षेप मला निम्माच पटतो.

सावत्र मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याची बाजू घेता येत नाही. स्कॉटलंडमध्ये बापाच्या जंगम मालमत्तेत मुलांचा ठरलेला हिस्सा असे: विधवा मागे असेल तर एक तृतीयांश, नसेल तर निम्मा. मृत्युपत्र करूनही बापाला तो हिरावता येत नसे, आणि त्याच्या सगळ्या लग्नांची मुले त्यात सारखी भागीदार. पण हा हक्क रक्ताचा. नव्या नवऱ्याच्या घरी आईचा पदर धरून आलेल्या मुलाला त्याच्या मालमत्तेत काहीच नाही. बापाने आईला मुलांची पालक नेमले असले तरी तिने दुसरे लग्न करताच तिचे पालकत्व जाई. मुलांची मालमत्ता सावत्र बापाच्या हाती जाऊ नये ही काळजी त्यामागे होती आणि ती समजण्यासारखी आहे, पण मुलाच्या वाट्याला त्यातून आईच्याच अधिकारांची कपात आली.

संमतीच्या आणि वचनाच्या लग्नाची वाट 1940 मध्ये बंद झाली, चारचौघांत नांदून सिद्ध होणारे लग्न 2006 पर्यंत टिकले. अनौरस मुलाला आईबापांच्या वारशात हक्क मिळायला 1968 उजाडले. ज्याने परक्याचे मूल आपल्या कुटुंबातले म्हणून स्वीकारले त्याच्यावर त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी 1985 च्या कायद्याने टाकली. म्हणजे जीन आर्मरने 1791 मध्ये स्वतःहून केले ते स्कॉटलंडच्या कायद्याला कर्तव्य म्हणून लिहायला जवळपास दोन शतके लागली, आणि तेव्हाही सावत्र मुलाला वारसाहक्क त्याने दिला नाही.