समुद्रप्रदक्षिणा आणि खानदेश

खानदेशाला समुद्र नाही. तापी भुसावळावरून पुढे सरकते, जळगाव-धुळ्याच्या उत्तर अंगाने पश्चिमेकडे वाहते आणि सुरतेपाशी अरबी समुद्रास मिळते. पण तो समुद्र डोळ्यांनी पाहायचा तर येथल्या माणसाला घरदार सोडून दूर जावे लागते. असे असूनही आमच्या भागातील कुटुंबांत, विशेषतः नोकरीतून निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्या मंडळींत, बोटीच्या दीर्घ सफरीविषयी मोठे कुतूहल आढळते. विमानात बसायचे नाही, एका धक्क्यावरून निघायचे, निम्मे जग किंवा अवघे जग पाहायचे आणि त्याच धक्क्यावर परत उतरायचे, अशी ही सफर. इंग्लंडातील साउथॅम्प्टन बंदरातून दरवर्षी जानेवारीच्या सुमारास अशा बोटी सुटतात आणि शंभराच्या आसपास दिवसांनी तेथेच परततात. तिचे मोल आमच्यापैकी फारच थोड्यांना परवडेल. परंतु जी गोष्ट परवडत नाही तिचीही ओढ वाटते, आणि ओढ का वाटते याचा विचार करण्यास पैसे पडत नाहीत.

या प्रकारच्या प्रवासाची कल्पना खानदेशी मनाला परकी नाही. आमच्या उत्तरेला सातपुड्यापलीकडे नर्मदा आहे. आमचे हिंदू बांधव तिची परिक्रमा करतात. नदी उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, आणि जेथून निघालो तेथेच येऊन थांबायचे. परंपरेने या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. परिक्रमेला 'पोचण्याचे ठिकाण' नसते. चालणारा कोठे तरी पोचण्यासाठी चालत नाही. तो परत येण्यासाठी चालतो. दीर्घ सागरी सफरीचे मर्म नेमके हेच आहे असे आम्हांस वाटते. मात्र 'परत येणे' ही सोय माणसाला समुद्रावर फार उशिरा लाभली, आणि तो इतिहास आपण ध्यानी घेतला पाहिजे.

पृथ्वीला पहिला फेरा घालणाऱ्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर १५१९ मध्ये मॅगेलन पाच जहाजे आणि सुमारे २७० माणसे घेऊन स्पेनहून निघाला. तो स्वतः एप्रिल १५२१ मध्ये फिलिपिन्स बेटांत मारला गेला. सप्टेंबर १५२२ मध्ये 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज स्पेनला परतले, आणि त्यावर माणसे होती अवघी १८. त्यांच्यातच पिगाफेटा नावाचा इटालियन रोजनिशीकार होता. परतताना केप व्हर्दे बेटांवर त्यांना कळले की, आपण ज्याला बुधवार म्हणतो तो किनाऱ्यावरच्या लोकांचा गुरुवार आहे. एकही दिवस न चुकवता नोंद ठेवलेली असूनही पृथ्वीच्या प्रदक्षिणेने त्यांचा एक दिवस हरवला होता. पहिल्या वर्तुळाची किंमत ही अशी होती.

त्यानंतर आपल्याकडे जे धर्मगुरू आले त्यांच्या प्रवासात तर वर्तुळाचा प्रश्नच नव्हता. ती सरळ रेषा होती. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले, मोझांबिक येथे कित्येक महिने अडकून राहिले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोचले. तेरा महिने लागले. युरोप त्यांनी पुन्हा पाहिला नाही. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांचे देहावसान झाले. गोव्याला परतले ते त्यांचे पार्थिव.

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचाही प्रवास असाच एकेरी. ते एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास उतरले. सतरा दिवसांतच, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना एक लांब पत्र लिहिले. त्या पत्रात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडल्यामुळे होणारा खोळंबा आहे, उडणारे मासे आहेत, जमीन जवळ आल्याची खूण सांगणारे पक्षी आहेत, आणि हिरड्या सुजवणारा तो भयंकर रोगही आहे. उत्तर-दक्षिण किती आलो हे आकाशावरून कळते, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे नेमके सांगता येत नाही, ही त्या काळच्या दर्यावर्दींची अडचणही ते वडिलांना समजावून देतात. आज सफरीहून परतलेला माणूस घरच्यांना छायाचित्रे दाखवतो. स्टीफन्स परतणार नव्हते, म्हणून त्यांनी सारा प्रवास पत्रात घालून घरी पाठवला. पुढे चाळीस वर्षे ते गोव्याच्या भूमीतच राबले, १६१६ मध्ये मराठीला ख्रिस्तपुराण दिले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले.

ही सरळ रेषा वाकून वर्तुळ कधी झाली? अगदी अलीकडे, आणि त्या वर्तुळाचा एक तुकडा आमच्या खानदेशातून गेलेला आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेला वळसा घालून सुमारे १०,७०० सागरी मैल असलेले लंडन-मुंबई अंतर सुमारे ६,३०० मैलांवर आले. मार्च १८७० मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबाद व कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग पुरा जोडला गेला. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही आपल्या रोजच्या परिचयाची स्थानके त्याच मार्गावर आहेत. अमेरिकेतही १८६९ मध्ये एका महासागरापासून दुसऱ्यापर्यंत आगगाडी धावू लागली होती. एका वर्षाच्या आत जगाला वेढा घालणारी साखळी तयार झाली, आणि ठरलेल्या वेळी निघून ठरलेल्या वेळी परत येणे शक्य झाले.

या बदलाची चाहूल फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांना लागली. त्यांची 'ऐंशी दिवसांत जगाची फेरी' ही कादंबरी १८७२ मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक फिलिअस फॉग मुंबईला उतरून आगगाडीत बसतो आणि चक्क खानदेशातून जातो! सपाट, पिकांनी भरलेला मुलूख आणि विखुरलेली खेडी यांचे वर्णन तेथे येते. मात्र खानदेशातील ओढ्या-नद्यांचे पाणी लेखकाने गोदावरीला नेऊन सोडले आहे. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या साऱ्या तापीकडे धावतात, हे आपल्या शाळेतील पोरही सांगेल. शिवाय कथेत पुढे लोहमार्ग अपुरा दाखवून फॉगला हत्तीवर बसवले आहे, जरी प्रत्यक्षात तो मार्ग दोन वर्षांपूर्वीच पुरा झाला होता. असो. फ्रान्समध्ये बसलेल्या लेखकाला या चुका माफ. त्याने खानदेशाला जगाच्या प्रदक्षिणेत जागा दिली, हे थोडे नव्हे. त्याच १८७२ साली थॉमस कुक यांनी पर्यटकांची एक तुकडी खरोखरच जगाच्या फेरीवर नेली. ती २२२ दिवसांनी परतली.

फॉगने पैजेसाठी फेरी मारली, कुकच्या मंडळींनी हौसेसाठी. परंतु मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी प्रदक्षिणा एका स्त्रीने केली, आणि ती कार्यासाठी केली. पंडिता रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये चिमुकल्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. समुद्र ओलांडणाऱ्यास समाज प्रायश्चित्त सांगत असे, असा तो काळ. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. फेब्रुवारी १८८६ मध्ये अटलांटिक ओलांडून त्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिल्या. पुढे जवळजवळ तीन वर्षे त्या देशात व्याख्याने देत त्यांनी विधवा भगिनींच्या शाळेसाठी साहाय्य उभे केले. १८८८ च्या अखेरीस त्यांनी सॅन फ्रान्सिस्को सोडले, आणि जपान व हाँगकाँग करीत १८८९ च्या आरंभी त्या मुंबईस परतल्या. पृथ्वीचे वर्तुळ पुरे झाले. पिगाफेटाप्रमाणे त्यांनीही पश्चिमेची वाट धरली होती. पॅसिफिक महासागरात त्यांच्याही दिनदर्शिकेतून एक दिवस गळला असणार. त्यांनी तो भरून काढला. ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे होत असताना, मुंबईत शारदा सदन उघडले.

आनंदीबाईंचे वर्तुळ मात्र वेगळे ठरले. १८८३ मध्ये कलकत्त्याहून एकट्या गेलेल्या आनंदीबाई १८८६ मध्ये क्षयाने पोखरलेल्या स्थितीत आगबोटीनेच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. बोटीचा संथ प्रवास सर्वांनाच विश्रांती देतो असे नाही. दुखणाईताला तो एकेक दिवस मोजायला लावतो.

विमान आले आणि चित्र पालटले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले ते विमानानेच. नेमाने ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटी हळूहळू बंद पडल्या. पोचण्यासाठी बोटीची गरज उरली नाही, तेव्हा बोटीत उरले ते निव्वळ जाणे आणि येणे. न्यूयॉर्कहून १९२२ साली निघालेल्या 'लॅकोनिया' बोटीने ज्या जगफेरीची प्रथा घातली, तीच पुढे वाढली. विमान माणसाला एका रात्रीत उचलून दुसऱ्या खंडावर ठेवते, आणि मन मागून दोन-तीन दिवसांनी येते. बोटीवर घड्याळाचा काटा एका वेळी तासाभरानेच सरकतो; हवा बदलते, पाण्याचा रंग बदलतो, आकाशातील तारे बदलतात, आणि मन शरीरासोबत चालते. अंतर हे अंतर म्हणून कळते. उतारवयात ज्यांना घाई करायची नाही, त्यांना हे सुख मोठे वाटले तर नवल नाही.

तथापि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. विमान टाळले म्हणजे सृष्टीचे ओझे हलके केले, हा समज खरा नाही. मोठी बोट म्हणजे तरंगते गावच. दिवसरात्र तिचे इंधन जळत असते, आणि दर माणशी हिशेब केला तर कित्येकदा विमान परवडले असे म्हणावे लागते. बोटींच्या इंधनातील गंधकावर जानेवारी २०२० पासून जगभर कडक मर्यादा आली, ती याच धुरामुळे. दुसरे असे की, वर्तुळ आजही हमखास नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि २०२४ मध्ये जगफेरीच्या अनेक बोटींना सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला. ज्या केप ऑफ गुड होपवरून झेवियर आणि स्टीफन्स आले, तीच वाट पुन्हा धरावी लागली.

याहूनही एक मोठी गोष्ट आहे. प्रवाशाचे वर्तुळ पुरे होते ते दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर. स्वयंपाकघरात, यंत्रघरात, खोल्या आवरताना जे हात राबतात, त्यांत फिलिपिन्सची आणि आपल्या भारताची माणसे पुष्कळ आहेत. गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांना हे सांगायला नको. त्यांचा करार महिनोन्‌महिन्यांचा असतो. बंदर येते तेव्हा प्रवासी उतरतात आणि ते कामावर असतात. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सफरी थांबल्या. प्रवासी बहुतांशी घरी पोचले, परंतु अनेक बोटींवरील कर्मचाऱ्यांना कोणतेही बंदर उतरू देईना. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' या बोटीवरील शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात दिवस काढत होते. किनारा दिसत होता आणि घर मिळत नव्हते. त्या वर्षाच्या उत्तरार्धात जगभर अडकलेल्या सर्व प्रकारच्या खलाशांची संख्या सुमारे ४ लाख असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला होता. १९२० मध्ये ग्लासगो येथे सुरू झालेले आणि आज 'स्टेला मारिस' म्हणून ओळखले जाणारे ख्रिस्तसभेचे खलाशांसाठीचे सेवाकार्य अशाच माणसांसाठी आहे. जुलैतील दुसरा रविवार सागर-रविवार म्हणून पाळला जातो तोही त्यांच्यासाठी.

परत येणे ही माणसाची फार जुनी भूक आहे, आणि लांब सफरीची गोडी त्याच भुकेत आहे. ज्यांना ती सफर लाभेल त्यांनी अवश्य करावी. डेकवर बसून पाण्याकडे पाहावे, अंतर अंगी मुरू द्यावे. आपले ताट उचलून नेणाऱ्या मुलाला मात्र एकदा विचारावे, "बाळा, तू घरी कधी जाणार?" त्याने तारीख सांगितली, तर ती ध्यानात ठेवून त्याच्यासाठी प्रार्थना करावी.