मराठ्यांची राजधानी: राजगड ते पुणे

१/८
चाकणच्या वर्दळीत संग्रामदुर्ग सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. मराठ्यांच्या राजधान्या का बदलत गेल्या, हे समजून घ्यायला मात्र हा भुईकोट उपयोगी पडतो.

२/८
१६६० मध्ये शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि कोट पडला. सपाटीवरचा कोट बलाढ्य फौजेपुढे किती काळ टिकणार? शिवरायांचा कारभार राजगडासारख्या दुर्गम गडावरून का चाले, याचे उत्तर येथे मिळते.

३/८
राजगडावर सुमारे पाव शतक राजधानी होती. राज्य विस्तारले, तसा मान रायगडाकडे गेला. ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला.

४/८
१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगडही पडला. राजाराम महाराज थेट तमिळ प्रदेशातील जिंजीस पोहोचले. सनदा तेथून सुटू लागल्या, सरदार लढत राहिले. राजधानी गेली, राज्य गेले नाही.

५/८
१६९८ मध्ये जिंजीही पडली आणि कारभार साताऱ्यास आला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक तेथेच झाला. ताराबाईंच्या पक्षाची गादी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी झाली.

६/८
१७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि खरी सत्ता पुण्यात एकवटली. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून येत, निर्णय मात्र पुण्यात होत. एका राज्याला आता दोन केंद्रे होती.

७/८
नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी पुणे घेतले. दुसरे बाजीराव छत्रपती प्रतापसिंहांना सोबत घेऊन निघाले. परंतु फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि पेशवाई मोडीत काढली. १८४८ मध्ये साताराही खालसा केला.

८/८
रायगड पडला तेव्हा गादी आणि सत्ता एकाच ठिकाणी होती. म्हणून राजासोबत राजधानीही जिंजीला जाऊ शकली. १८१८ मध्ये ती दोन हातांत होती, आणि शत्रूला एकीचा मान राखून दुसरी मोडता आली. पेशवाईच्या अंताची कारणे अनेक आहेत; हे त्यांतील एक, पण आपण त्याकडे फार कमी पाहतो.

चाकणला जाणे झाले, तर संग्रामदुर्गाचे उरलेले अवशेष अवश्य पाहा.