पीयूसी आहे, पण ब्रेक कोणी तपासले? जुन्या गाडीच्या तपासण्या सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या ग्राहकांनी एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या आणि ती बातमी देशभर गाजली. त्या गाड्या आता १५ वर्षांच्या झाल्या. मर्सिडीज असो की घरातली जुनी अल्टो, १५ वर्षांनंतर आरसी रिन्यू करावीच लागते. पण काही जण म्हणतात, ‘गाडी भंगारात जाणार’, तर काही म्हणतात, ‘पीयूसी काढली की झालं’. दोन्ही चूक आहे. नेमकं काय ते पाहूया.

पीयूसीमध्ये काय तपासतात?

फक्त धूर. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात. गाडी जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा बीएस-३ कारला ०.५ टक्के, तर बीएस-४ ला ०.३ टक्के आहे. डिझेल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात.

नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी १ वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांची ६ महिने. बीएस-४ देशभर सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ पासून, त्यामुळे तुमची जुनी गाडी बीएस-३ असू शकते. पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: पीयूसी म्हणजे एकाच मॉड्यूलची टेस्ट. ती पास झाली म्हणून अख्खं अ‍ॅप बरोबर चालतंय असं होत नाही.

१५ वर्षांनंतर काय?

- मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत ‘परिवहन’ पोर्टलवर फॉर्म २५ भरायचा.
- गाडी आरटीओच्या तपासणीला न्यायची. तिथे चॅसिस नंबर, ब्रेक, लाइट, टायर वगैरे बघतात.
- पास झाली की आरसी ५ वर्षांसाठी वाढते.
- १ एप्रिल २०२२ पासून कारचं रिन्यूअल शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ते १०,००० केलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

१० वर्षांची डिझेल आणि १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद करण्याचा विषय दिल्ली-एनसीआरचा आहे. महाराष्ट्रात गाडी फिट असेल तर चालवता येते.

खरी अडचण इथे आहे

टॅक्सी, टेम्पोसारख्या गाड्यांची फिटनेस तपासणी ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. ब्रिटनमध्ये घरच्या कारलाही साधारण ३ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी लागते. आपल्याकडे खासगी कारचे ब्रेक सरकारी माणूस पहिल्यांदा बघतो तो थेट १५ वर्षांनी! मधल्या काळात तुम्ही तीच गाडी समृद्धी महामार्गावर १२० च्या स्पीडने नेता.

म्हणून वर्षातून एकदा, पीयूसी काढाल त्याच आठवड्यात, गॅरेजवाल्याकडून एवढं करून घ्या:

- ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण २ वर्षांनी बदलतात.
- टायर. बाजूला ४ आकडी कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी रबर जुनं झालेलं असतं.
- स्टिअरिंग, सस्पेन्शन, हेडलाइटचा कोन, सीटबेल्ट.

मोबाइलवर काय करायचं?

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका. आरसी, विमा आणि पीयूसी कधी संपते ते दिसेल. पीयूसी काढल्यावर नोंद तिथे आली का हे नक्की बघा. हातात कागद आहे पण ऑनलाइन नोंद नाही, तर त्या कागदावर विसंबू नका. तारीख संपायच्या १५ दिवस आधीचं रिमाइंडर कॅलेंडरमध्ये लावा, आणि त्याच्याच खाली लिहा: ‘ब्रेक, टायर चेक’. पहिल्या कामाची आठवण सरकार दंड करून देतं, दुसऱ्याची कोणीच देत नाही.