मारवाड ते दख्खन : वंशावळीच्या शोधातील कागदपत्रे

आपल्या समाजात वंशावळीचा विषय निघाला की बहुधा दोनच गोष्टी ऐकावयास मिळतात. एक म्हणजे आपले मूळ ओसियां नगरीचे, आणि दुसरी म्हणजे आपले खापरपणजोबा लोटा-दोरी घेऊन मारवाडातून निघाले. या दोहोंमधील दीर्घ काळाविषयी वडीलधाऱ्यांनाही सहसा काही सांगता येत नाही. पुणे-नगर भागात स्थायिक झालेल्या ओसवाल कुटुंबांपुरता विचार करून, हा मधला काळ कोणत्या कागदांनी जोडता येतो आणि कोठे जोडता येत नाही, हे मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आरंभ ओसियांपासून करू. वीर निर्वाणानंतर ७० व्या वर्षी आचार्य रत्नप्रभसूरींनी तेथील जनतेस जैन धर्माची दीक्षा दिली, अशी आपली परंपरा आहे. तेथील महावीर मंदिरातील विक्रम संवत् १०१३ चा शिलालेख मात्र या मंदिराचा संबंध प्रतिहार राजा वत्सराजाशी, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाशी जोडतो. परंपरा श्रद्धेने जपावी. पण तिच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्यांची अखंड नामावली छापून घेणे मला उचित वाटत नाही. भामाशाह किंवा वस्तुपाल यांच्याशी आपले घराणे जोडून घेण्याचा मोहही असाच. पुरावा असेल तर जोडावे, नसेल तर जागा रिकामी ठेवावी. रिकाम्या जागेत कमीपणा नाही.

आपल्यातीलच एका व्यापाऱ्याने हे फार पूर्वी करून दाखविले आहे. श्रीमाळ ज्ञातीतील बनारसीदासांनी संवत् १६९८ मध्ये, म्हणजे १६४१ साली, 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात त्यांनी रोहतकजवळील बिहोली हे मूळ गाव, त्यावरून पडलेले बिहोलिया गोत्र आणि आजोबा मूलदास यांची नोकरी यांचा साधा वृत्तान्त दिला आहे. आपल्या व्यापारातील खोटही त्यांनी लपविली नाही. आग्र्यास कापड विकावयास जाऊन नुकसान सोसणारा हा गृहस्थ कापडाच्या धंद्यातील माणसाला मुळीच परका वाटत नाही.

मूळ प्रदेशातील सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे मूर्तिलेख. धातूच्या पंचतीर्थी प्रतिमेच्या पाठीवर संवत्, मिती, ज्ञाती, गोत्र, करविणाऱ्याचे व त्याच्या पित्याचे नाव, भार्या व पुत्रांची नावे, शेवटी गच्छ आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव असा क्रम असतो. इतर कागदांत क्वचितच आढळणारी स्त्रियांची नावे येथे कोरलेली सापडतात, हे विशेष. कलकत्त्याचे पूरणचंद नाहर यांनी असे लेख गावोगावी टिपून 'जैन लेख संग्रह' तीन भागांत (१९१८, १९२७, १९२९) प्रसिद्ध केला. बिकानेरचे अगरचंद व भंवरलाल नाहटा या काका-पुतण्यांनी 'बीकानेर जैन लेख संग्रह' सिद्ध केला. नाहर-नाहटा ही घराणीही व्यापारीच. आज आपण स्थानकवासी असलो, घरी मूर्ती नसली, तरी मूळ गावच्या मंदिरात पूर्वजांचा लेख असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

भाट आणि कुलगुरू यांच्या वह्या हा दुसरा आधार. ते ठरावीक वर्षांनी यजमानांकडे येत आणि जन्म, विवाह, दत्तक यांच्या नोंदी करीत. दत्तकाच्या बाबतीत सावध राहावे. दक्षिणेतील निपुत्रिक घरी देशातून मुलगा गोद आला की त्याचे नाव एका वहीत जनक पित्याखाली, तर दुसरीत दत्तक पित्याखाली मिळते. भावकीत यावरून वाद होतात. वास्तविक दोन्ही नोंदी खऱ्या असतात. १९३४ साली भानपुरा येथून प्रसिद्ध झालेल्या 'ओसवाल जाति का इतिहास' या ग्रंथात देशभरच्या अनेक कुटुंबांची माहिती एकत्र आली आहे. ती मूळ नोंदींशी ताडून वापरावी.

दख्खनमध्ये आल्यावर कागद बदलतात. येथे गोत्र लोप पावते आणि दप्तरात 'अमुक वलद तमुक मारवाडी' एवढेच उरते. विधवा असेल तर 'कोम' लिहून पतीचे नाव. त्यामुळे आडनाव शोधत बसण्यापेक्षा बाप-लेकांच्या नावांची जोडी शोधावी. फेरफार, जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर यांतून तीन-चार पिढ्या बहुधा मिळतात. कौटुंबिक आठवणही पारखून घ्यावी लागते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तेव्हा कोणी १८६० साली आगगाडीने नगरला उतरल्याचे सांगत असेल, तर साल किंवा गाडी यांपैकी एक सोडावेच लागेल.

आता १८७५ कडे वळू. १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांच्या जमावाने सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पोहोचले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जाची खते आणि हुकूमनामे यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कित्येक घरांत त्यापूर्वीचा कागद का मिळत नाही, याचे एक कारण येथे आहे.

सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७६ चा. त्यात गावे आहेत, व्यवहार आहेत, आणि आपल्या लोकांविषयी कठोर शब्दही आहेत. १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आल्यावर दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेतले जाई. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव उतरले, त्यातच शेतसारा वाढला आणि शेतकरी भरडला गेला. सरकारी आयोगाने वाढीव साऱ्यास दोषमुक्त केले, हे खरे. म्हणून आपल्या पूर्वजांची बाजू निर्दोष ठरत नाही. स्मरणिकांतून पूर्वजांचे दानधर्म आपण आवर्जून छापतो. त्याच पूर्वजांच्या दुकानी कोणाची जमीन कशी आली, हेही वंशेतिहासाचेच पान आहे. ते वगळून लिहिलेली वंशावळ मला एकतर्फी खतावणीसारखी वाटते. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर करणे आवश्यक झाले. त्यानंतरच्या व्यवहारांसाठी घरच्या वहीशिवाय हा दुसरा माग उपलब्ध होतो.

घरच्या वह्या वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. महाजनी अक्षराला काना-मात्रा नसतात. 'काका अजमेर गये' हे 'काका आज मर गये' असे वाचून रडारड झाल्याचा किस्सा आपणा सर्वांस ठाऊक आहे. मितीचाही घोळ असतो. राजस्थानी संवत् चैत्रात बदलते, गुजराती कार्तिकात, तर जोधपूर राज्याच्या दप्तरात श्रावणात. त्यामुळे 'संवत् १९३२ वैशाख' म्हणजे राजस्थानी गणनेने १८७५, पण गुजराती गणनेने १८७६. म्हणजे नोंद दंग्याच्या सुमाराची की वर्षभरानंतरची, हे वही कोणाची यावर ठरते. शिवाय त्यांचे मिगसर वदि ते आपले कार्तिक वद्य.

हे काम एकट्याने होणारे नाही. एका भावाकडे वही, दुसऱ्याकडे खरेदीखत, आत्याकडे लग्नाच्या कुंकुमपत्रिका, तर मूळ गावी राहिलेल्या शाखेकडे भाटाचा पत्ता असतो. प्रत्येकाने मूळ कागद आपल्याकडेच ठेवून फक्त छायाप्रत द्यावी, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले हे लिहावे, म्हणजे पुढे मतभेद झाल्यास भांडण न होता कागद उघडता येईल. वाटणी होताना किंवा दुकान नव्या जागी नेताना जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी निदान पहिली काही पाने चाळावीत. पूजनाच्या पानावर संवत्, गाव आणि मालकांची नावे असतात. आणि ज्यांच्या घर-देरासरात जुनी धातुप्रतिमा आहे, त्यांनी रोजच्या प्रक्षाळीत व वाळाकुंचीने अक्षरे आणखी झिजण्याआधी पाठीवरील लेखाचे छायाचित्र तिरप्या उजेडात घेऊन ठेवावे.