आफ्रिकेसारखी गवताळ सफारी पुणे जिल्ह्यात: चिंकारा, लांडगा आणि तरस नेमके कुठे दिसतात?

आफ्रिकेतली सफारी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पिवळं गवत, मधूनच एखादी बाभूळ आणि दूरवर चरणारी हरणं. जवळपास असाच माळ पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणहून पहाटे निघालं तर एका दिवसात जाऊन येता येतं. पण सुट्टीची गर्दी वळते ती लोणावळा-भीमाशंकरकडे.

ही ठिकाणं कुठे आहेत?

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. ते १९९७ मध्ये जाहीर झालं. नाव मोरगावच्या मयूरेश्वराचं. सोलापूर महामार्गाने चौफुल्यापर्यंत जायचं आणि तिथून मोरगावच्या रस्त्याला लागायचं. क्षेत्रफळ फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. एकटं पिंपरी-चिंचवड शहर याच्या तीसपटीहून मोठं आहे.

याशिवाय वन विभागाने २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळमध्ये 'ग्रासलँड सफारी' सुरू केली.

काय पाहायला मिळतं?

- चिंकारा: आफ्रिकेतल्या गॅझेल हरणांचा भाऊबंद. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. पाण्याची बरीचशी गरज पाल्यातून भागते, त्यामुळे दुष्काळी माळावरही तो तग धरतो.
- लांडगा: इथला मुख्य शिकारी. धनगरांच्या मेंढ्यांवरही त्याचा डोळा असतो.
- तरस: पट्टेदार तरसाची हीच जात केनिया-टांझानियातही आढळते.
- खोकड आणि पक्षी: धाविक, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या.

मग अडचण काय आहे?

सरकारी दप्तरात माळ म्हणजे अनेकदा 'पडीक' जमीन. त्यामुळे प्लॉटिंग आणि रस्त्यांसाठी पहिली नजर तिथेच जाते. चांगल्या हेतूने केलेली वृक्षलागवडही इथे नुकसान करू शकते. चिंकाऱ्याला शत्रू लांबून दिसावा लागतो, तर धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. दाट झाडी झाली की दोघांनाही जागा सोडावी लागते.

दुसरा धोका मोकाट कुत्र्यांचा. ते चिंकाऱ्याच्या पाडसांना मारतात आणि रोग पसरवतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. असा संकर वाढला तर मूळ लांडगाच हरवू शकतो.

अभयारण्य इतकं लहान की हे प्राणी बाहेरच्या माळावर आणि शेतातही फिरतात. म्हणजे त्यांचं भवितव्य अभयारण्याच्या हद्दीबाहेर ठरतं.

जाताना काय लक्षात ठेवाल?

- ग्रासलँड सफारीसाठी आधी ऑनलाइन बुकिंग करा आणि स्थानिक गाईड सोबत घ्या.
- पहाटेची वेळ आणि पावसाळ्यानंतरचे महिने उत्तम.
- गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवा. गवतात घरटी असतात.
- लांडग्याचा पाठलाग करू नका. रील टाकताना त्याच्या गुहेचं लोकेशन देऊ नका.