लॉक्ड-इन अवस्थेतील अनैच्छिक हालचाली

मस्तिष्कस्तंभाला इजा होऊन हातपाय, चेहरा, जीभ व घसा लुळे पडलेल्या, पण पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या शरीरात इच्छेविना होणाऱ्या हालचाली. ‘लॉक्ड-इन सिंड्रोम’ हे नाव फ्रेड प्लम व जेरोम पोस्नर यांनी १९६६ मध्ये दिले. बहुतेक वेळा मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी गुठळीने बंद होते आणि मस्तिष्कस्तंभातल्या ‘पॉन्स’ या भागाची पुढची बाजू निकामी होते. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणारे तंतू तिथूनच उतरतात. पाठीमागचे जागृतीचे केंद्र मात्र वाचते. डोळे वर-खाली नेणे व पापणी मिटणेही सहसा शाबूत राहते.

या अनैच्छिक हालचालींत सर्वांत चकवणारी जांभई. ‘तोंड उघडा’ असे दहा वेळा सांगूनही ज्याचा जबडा हलत नाही, तोच रुग्ण पाच मिनिटांनी चांगला आ वासून जांभई देतो. हे ढोंग नव्हे. जांभईला ऐच्छिक हालचालीचा मार्ग लागत नाही. हसू-रडूचेही तसेच. क्षुल्लक कारणाने, कधी कारणाशिवायही, चेहरा रडवेला होतो आणि आवरता आवरत नाही. त्यावरून मनातले दुःख मोजू नये, आणि दुःख नाहीच असेही धरू नये. अंग पुसताना ओले फडके तळव्याला लागले की पाय गुडघ्यात आखडतो. घरचे आनंदतात, पण ही कण्यातली प्रतिक्षिप्त क्रिया असते.

काही रुग्णांत काही महिन्यांनी मऊ टाळू सेकंदाला एक ते तीन वेळा तालात उडू लागते. पॉन्सच्या मोठ्या इजेत दोन्ही बुबुळे झटकन खाली जाऊन सावकाश वर येतात. हे लक्षण मिलर फिशर यांनी १९६४ मध्ये वर्णिले.

आजाराच्या सुरुवातीच्या तासांत कधी कधी हातपाय ताठ होऊन थरथरतात. याला फिट समजले, तर धमनी मोकळी करण्याची वेळ निघून जाते. ही चूक सर्वांत महाग.

रुग्ण शुद्धीवर आहे का, हे या हालचालींवरून ठरत नाही. ‘वर बघा’, ‘खाली बघा’ असे पुन्हा पुन्हा सांगून पाहावे; उजव्या-डाव्या बाजूला बघायला सांगून उपयोग नाही, कारण ती हालचाल बहुधा गेलेली असते. याच अवस्थेत असलेले फ्रेंच पत्रकार ज्याँ-दॉमिनिक बोबी यांनी डाव्या पापणीच्या उघडझापेने एकेक अक्षर निवडून सांगितलेले पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.