मक्कॉली कार्यशाळा
तांदळाची पारंपरिक कोरियन दारू पर्यटकांना स्वहस्ते करायला शिकवणारे वर्ग. दक्षिण कोरियात, विशेषतः सोलमध्ये, ते चालतात. मक्कॉली पांढुरकी, गढूळ व आंबटगोड असून तिच्यात अल्कोहोल साधारणतः ६ ते ८ टक्के असते. तांदूळ धुऊन, भिजवून, निथळून वाफवतात. भात गार झाल्यावर त्यात नुरुक व पाणी घालून हाताने कालवतात. नुरुक म्हणजे बहुधा गव्हाची, बुरशी व यीस्ट वाढवलेली वडी. बुरशी पिष्टाची साखर करते आणि त्याच भांड्यात, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. कालवताना हाताला जाणवणारा भाताचा बदल हाच या वर्गाचा खरा धडा होय. आंबायला आठवडाभर तरी लागतो. म्हणून काही तासांच्या वर्गात आधीच आंबवलेले मिश्रण गाळायला देतात. बूसानच्या गुमजंगसानसंग भागात नुरुक पायांनी तुडवण्याची रीत टिकून आहे. ती आवर्जून पाहावी.

कोरियावरील जपानी राजवटीत घरगुती दारूवर बंदी आली आणि पुढे १९६५ मध्ये दारूसाठी तांदूळ वापरण्यासही मनाई झाली. यात घराघरांतल्या कितीतरी कृती लोपल्या. ही हानी फार मोठी. घरी दारू करण्यास १९९५ मध्ये पुन्हा मुभा मिळाली. मक्कॉली करण्याची परंपरा २०२१ मध्ये दक्षिण कोरियाचा राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून घोषित झाली.